कणकेचा गोळा

माझ्या आईनं मुलुंडातल्या निदान चारशे पोरींच्या अंगावरची लव काढली आणि तिच्या स्वतःच्या पोरीच्या हनुवटीला दाढी आली. हसायचं तर हसून घ्या. चाळीत सगळ्यांचं हसून झालंय, कारखान्यात झालंय, नातेवाइकांत तर दोन-दोनदा झालंय. मी प्रेमा राऊळ. ती दाढीवाली पोर मीच. पण ही गोष्ट माझ्या दाढीची नाही, आईची आहे. तिचं नाव जानकी. मुलुंडात मात्र तिला कुणी जानकी म्हटल्याचं मला आठवत नाही. अंघोळवाली मावशी, नाहीतर नुसतं मावशी.

बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायचं आणि बाळाला अंघोळ घालायची, हे तिचं काम. सकाळी सहाला ती पश्चिमेच्या आमच्या चाळीतून निघायची, रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला जायची, तिथल्या सोसायट्यांमधली तीन-चार घरं करायची आणि बाराच्या आत घरी. मोरीत पाटावर बसून ती साडी गुडघ्यावर घ्यायची, दोन्ही पाय लांब पसरायची, आणि नडग्यांच्या मधल्या खळग्यात बाळ पालथं घालायची. मग तेल, मग कढत पाणी, नाक वर ओढणं, डोकं गोल दाबणं, टाळू भरणं. मुलगा असला तर काम इथं संपलं. पुसा, धुरी द्या, गुंडाळा. मुलगी असली की मग कणीक.

दुधात भिजवलेली कणीक, त्यात हळद, वर खोबरेल तेल. लिंबाएवढा गोळा करून तो पोरीच्या पाठीवर, दंडावर, कपाळावर, कानाच्या पाळीवर आणि हनुवटीखाली गोल गोल दाबून फिरवायचा. बारीक लव त्या गोळ्याला चिकटून येते. पिवळा गोळा मळकट दिसायला लागेपर्यंत फिरवायचा, मग दुसरा घ्यायचा. पोर कळवळून रडायची, अंग लालबुंद व्हायचं. पोरीची आई दाराशी उभी राहून डोळे पुसायची आणि आजी तिला दटावायची, "रडू दे. आत्ता रडली म्हणजे पुढं आपल्याला रडायला नको." अंघोळ झाली की आई तो गोळा सगळ्यांना दाखवायची, "ह्यां बघा, केवढी निघाली." मग त्या घराला बरं वाटायचं. आईला त्याहून बरं वाटायचं.

मी लहानपणी सुट्टीत तिच्याबरोबर जायची. मला ते रडणं सोसायचं नाही, मी जिन्यात जाऊन बसायची. आई परत येताना म्हणायची, "तुका कळाचा नाय. चेडवांच्या जन्माक ह्यां चुकूचा नाय." चेडू म्हणजे पोरगी, आमच्या मालवणीत.

तिच्या गावात, कुडाळकडे, हे कुणी एवढं मनावर घ्यायचं नाही. नऊवारी लुगडं, कोपरापर्यंत पोलकं, अंगभर कष्ट. कुणाच्या हातावर केस आहेत की नाहीत ते बघायला फुरसत कुणाला? पण मुंबईत पोलक्याच्या बाह्या कोपरापासून वर सरकायला लागल्या, परकराच्या जागी स्कर्ट आले, आणि जिथं जिथं कापड मागं हटलं तिथं तिथं केसांची पंचाईत सुरू झाली. ती पंचाईत होऊ नये म्हणून सोसायट्यांना माझी आई लागायची. आणि काय मान तिला! "मावशीच्या हातची पोर" म्हणजे गुळगुळीत पोर, असं समीकरणच होतं.

आता माझं सांगते. माझा जन्म बासष्ट सालचा, फेब्रुवारीतला. त्याच आठवड्यात पूर्वेला टिपणिसांकडे मुलगी झाली, शुभा. टिपणिसांनी आईला महिनाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं. आई बाराव्या दिवशी अंगावरची ओल सुकायच्या आत पूल ओलांडून तिकडे गेली. शुभाला तेल, शुभाला कणीक, शुभाच्या आईला शेक. घरी यायची ती हातपाय गळलेली. मला तोवर शेजारच्या म्हातारीनं दोन तांबे पाणी ओतून गुंडाळून ठेवलेलं असायचं. कणीक कोण लावणार? आई म्हणायची उद्या लावते. उद्याचा परवा झाला, सव्वा महिना उलटला आणि राहून गेलं.

हे मला कुणी बाहेरच्यानं सांगितलं नाही. आईनंच सांगितलं. मी सोळा वर्षांची असताना हनुवटीवर पहिले काळे केस दिसले, चांगले जाड, ताठ. आईनं मला दारातल्या उजेडात नेलं, माझा चेहरा वर केला आणि खालीच बसली. "माझीच चूक," म्हणाली. "सगळ्यांका घासलंय, तुका तेवढी घासूक नाय."

मला तेव्हा वाटलं, चला, कारण तरी कळलं. मी अजून चिडले नव्हते. आधी इलाज करून बघितले. आयाबायांनी सांगितलेलं डाळीचं पीठ लावलं. केस काढायचं क्रीम आणलं, त्याच्या सडक्या वासानं चाळीतल्या तीन खोल्यांना कळलं की प्रेमा काहीतरी लावतेय. चिमट्यानं उपटले तर फोड आले. शेवटी एक दिवस बाबांचं दाढीचं सामान घेतलं. बाबा, म्हणजे धाकू राऊळ, बल्बच्या कारखान्यात होते, मुलखाचे अबोल. आपलं पातं कोण वापरतं ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. पुढच्या आठवड्यापासून मोरीतल्या फळीवर दोन पाती ठेवायला लागले. त्या दुसऱ्या पात्याची मला इतकी लाज वाटायची की काय सांगू.

त्र्याऐंशी साली माझं स्थळ आलं. मुलगा श्यामसुंदर, घाटकोपरला राहणारा, टेलिफोन खात्यात. दिसायला झकास. मी औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होते, एसएससी पास, घरकाम येतं, गावचा शेजार. सगळं जुळलं होतं. रविवारी सकाळी अकराला बघायला येणार होते. मी पहाटे उठून दाढी केली. हो, दाढीच. दुसरा शब्द नाही त्याला. घाईत पातं लागलं आणि हनुवटीखाली बारीकशी चीर पडली. आईनं त्यावर हळद दाबली.

श्यामसुंदरच्या बरोबर त्याची काकू होती. चहा झाला, पोहे झाले, नाव-गाव झालं. मग काकू मला म्हणाली, "हय ये गो, बस माझ्याकडे." मी बसले. "हनुवटीक काय लागलां?" असं म्हणून तिनं अंगठा फिरवला. उलटा. खालून वर. तिनं हात मागे घेतला, पदराला पुसला आणि पुतण्याकडे बघितलं. सगळ्या खोलीला कळलं.

इथं गप्प बसायचं होतं ना? माणूस गप्प बसतो. पण आईला वाटलं पोरीची बाजू घ्यावी. ती पुढं सरली आणि हात जोडून म्हणाली, "पोरीत दोष नाय हां. माझी चूक. पाळण्यात होती तेव्हा कणकेन घासूक नाय मी तिका. घासली असती तर असां झालां नसतां."

काकू उठली. चपला घालताना म्हणाली, "सगळ्या मुलुंडाची चेडवां घासतंस आणि स्वतःचां सोडलंस? धन्य गो बाई तुझी."

ते गेले. मी पोह्यांच्या बश्या मोरीत आपटल्या. आणि मग आईला जे बोलले ते आजही तोंडातून काढताना जीभ अडखळते. म्हणाले, "तुला आई म्हणायचं कशाला? तू लोकांची बाई. लोकांच्या पोरी गुळगुळीत केल्यास आणि माझी वाट लावलीस." आई भिंतीला टेकून उभी होती. मान हलवली फक्त, म्हणजे बरोबर आहे तुझं.

त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलायला लागले. "डबा दे." "पाणी आलं." एका खोलीत राहून माणसाशी असं वागता येतं, खोटं वाटत असेल तर विचारा मला. ती माझ्या आवडीची कालवणं करायची, मी मुकाट जेवून उठायची. ताप आला तर ती कपाळाला हात लावायला यायची, मी कूस बदलायची. दोन-तीन स्थळं आणखी आली आणि तशीच गेली. प्रत्येक वेळी ती "माझी चूक" म्हणायची आणि प्रत्येक वेळी मी तिला ते म्हणू द्यायची.

आणि सकाळी सहाला ती पूल ओलांडून जायचीच. आता तर पोरींना आणखी दाबून घासायची. टिपणिसांची शेजारीण एकदा पुलावर भेटली, मला म्हणाली, "मावशींचा हात हल्ली फार जड झालाय गं. पण लव काय सुंदर काढतात!"

आता मी जे सांगणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

पंच्याऐंशीच्या दिवाळीत कारखान्यातल्या मैत्रिणीनं मला पूर्वेला एका पार्लरमध्ये नेलं. तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये एका गुजराती बाईंनी बाहेरच्या खोलीत थाटलं होतं. दोन आरसे, एक खुर्ची आणि मध्ये फुलाफुलांचा पडदा. दोऱ्यानं हनुवटीचे केस काढतात, पातं लावायला नको, असं मैत्रीण म्हणाली होती. मी माझा नंबर यायची वाट बघत बसले. पडद्यामागं कुणीतरी "आई गं, आई गं" करत होतं. मेण लावून हातापायांचे केस ओढून काढायचा आवाज येत होता, चर्र, चर्र. आणि त्या बाई म्हणत होत्या, "शुभाबेन, इतके दाट केस! दर महिन्याला यायचं, असं गॅप नाही करायचं."

पडदा सरकला. शुभा टिपणीस. तीच, जिच्यासाठी आई बाराव्या दिवशी पूल ओलांडून गेली होती. दंड लालबुंद, ओठांवर पावडर. मला ओळखून हसली. "अगं प्रेमा! तू पण? काय करणार यार, अस्वल झालंय माझं." आणि टकटक करत निघून गेली.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. मी काही खुळी नाही. माझ्या आईनं तिला सव्वा महिना रोज घासलं होतं, पहिल्या गोळ्यापासून शेवटच्या गोळ्यापर्यंत, आणि तिच्या अंगावर हे एवढे केस. म्हणजे घासण्याचा आणि केसांचा काही संबंध नव्हता. म्हणजे आईनं माझं काहीच वाईट केलेलं नव्हतं. घरी जाऊन एवढंच सांगायचं होतं, "आई, शुभा पार्लरला येते." चार शब्द.

मी सांगितलं नाही.

का? विचार करून करून मला एकच उत्तर मिळालंय. आईची चूक नाही म्हटल्यावर मी चिडायचं कुणावर? श्यामसुंदर गेला, मैत्रिणींची लग्नं झाली, बारशी झाली, मी रोज सकाळी मोरीत दार लावून पातं फिरवत होते. मला कुणीतरी दोषी हवं होतं. आई हाताशी होती. ती तयारही होती. मी तिला आणखी तीन वर्षं तशीच भाजत ठेवली.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात शुभा माहेरी बाळंत झाली. मुलगी. टिपणिसांचं बोलावणं आलं तेव्हा आईला किती आनंद झाला! "आवशीक घासलंय, आता लेकीक घासतंय," असं चाळभर सांगत सुटली. अठ्ठावन्न वर्षांची होती, गुडघे गेले होते, बाकीची घरं तिनं सोडली होती. पण शुभाच्या लेकीसाठी पूल चढायला लागली.

त्याच दिवसांत माझी पाळी चार-चार महिने येईना. कारखान्यातल्या सुपरवायझर बाईंनी दमात घेतलं आणि मोठ्या इस्पितळात जायला लावलं. आई म्हणाली मी येते. मी नको म्हटलं तरी आली. तपासण्या झाल्या, पोटाचा फोटो झाला. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, फटकळ, पण डोळे चांगले. त्यांनी माझी हनुवटी बघितली, कागद बघितले आणि म्हणाल्या, "हे सगळं एकच दुखणं आहे. अंडाशयात बारीक गाठी आहेत, त्यामुळं शरीरातले हार्मोन बिघडतात. पाळी चुकते, चेहऱ्यावर केस येतात. गोळ्या देते, पुष्कळ फरक पडेल. घरात आणखी कुणाला आहे का? मावशी, आत्या?"

मला एकदम गावची आत्या आठवली. बाबांची बहीण. आम्ही गावी गेलो की कायम तोंडावर पदर. मला वाटायचं किती लाजाळू बाई. तिचं लग्न झालं नव्हतं आणि का झालं नाही ते कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आईनं मात्र प्रश्न ऐकलाच नसावा. ती उठून उभी राहिली. हात जोडले. मला कळलं ती काय बोलणार आहे, मी तिचा पदर ओढला, पण ती बोललीच. "डॉक्टरीणबाई, दुखणं कसलां? माझी चूक. लहानपणी कणकेन घासूक नाय तिका. मी हेंच काम करतंय, तीस वर्सां. सगळ्यांका घासलंय. तिका तेवढी…"

डॉक्टरीणबाई हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. त्यांनी ॲप्रनची बाही वर केली आणि हात पुढं धरला. "मावशी, मला माझ्या आजीनं दोन महिने घासलं होतं. हे बघा. कणकेनं केस गेले असते तर मी दर महिन्याला पार्लरमध्ये कशाला ओरडत बसले असते? बाळाच्या अंगावर असते ती नुसती लव. ती आपोआप गळते, घासा नाहीतर घासू नका. उलट कोवळी कातडी सोलते, पोर रडून रडून हैराण होतं. तुमची काही चूक नाही. मनातून काढून टाका."

मला वाटलं आई आता रडेल. सुटेल. दहा वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा डॉक्टरांनी उचलून बाजूला ठेवला होता. पण ती डॉक्टरीणबाईंच्या हाताकडे बघत होती.

"आपोआप गळता?" तिनं विचारलं.

"हो मावशी. आपोआप."

"मगे तीं चेडवां रडाचीत तां?"

डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. भांडुप गेल्यावर म्हणाली, "प्रेमा, एकेक चेडू इतक्यां रडाचां की तेचो आवाज बसाचो. आवशीक बाहेर काढून मी दार लावून घेय." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "चारशे तरी असतीत गो. फुकट रडवलंय मी तेंका."

तेव्हा तरी मी बोलायचं होतं. शुभाचं सांगायचं होतं, स्वतःचं सांगायचं होतं. माझ्या तोंडून काय निघालं? "जाऊ दे आता. उतरायचंय."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी सहाला निघाली. कारखान्याला सुट्टी होती आणि मला राहवेना, म्हणून मी बरोबर गेले. टिपणिसांच्या मोरीत तिनं पाय पसरले, पोर पायांवर घेतलं. तेल चोळलं, पाणी घातलं. इतक्या हळू हातानं की जणू पोर झोपलंय आणि उठवायचं नाही. शुभाची आई कणकेची वाटी घेऊन दारात उभी होती. पोर हूं का चूं न करता आपल्या मुठी बघत होतं.

"मावशी, कणीक."

"नको," आई म्हणाली.

"नको म्हणजे? आज का नको?"

"तेचो काय उपयोग नाय. लव आपोआप जाता. डॉक्टर म्हणाली."

शुभाच्या आईनं माझ्याकडे बघितलं, मग शुभाकडे. शुभा पलंगावर कानाला फडकं बांधून बसली होती. मी मनात म्हटलं, बोल बये. तुझे हात दाखव. तू सांग. शुभानं नजर खाली घातली. "आई म्हणते तसं करा ना मावशी," एवढंच म्हणाली. मग शुभाच्या आईचा आवाज चढला. "मुलगी आहे ती. उद्या तिला तुमच्या प्रेमासारखं झालं तर कोण जबाबदार?"

माझ्या देखत म्हणाली. आईनं पोर पुसलं, गुंडाळलं, शुभाच्या मांडीवर दिलं. हात धुतले. "मगे दुसरी कोण ती बघा," म्हणाली आणि पदर सारखा करून बाहेर पडली. दोन दिवसांत भांडुपची एक बाई लागली. ती कणीक लावते, असं कळलं.

पूल उतरताना आई एक एक पायरी थांबून उतरत होती. मधल्या पायरीवर बसली. मला वाटलं गुडघे दुखतायत. वर बघून म्हणाली, "आज रडूक नाय गो ता." आणि हसली. तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या हाताखाली मुलीची अंघोळ रडण्याशिवाय झाली होती आणि त्याच दिवशी तिचं काम सुटलं होतं. मी तिच्या शेजारी बसले. माणसं आमच्याकडे बघत पायऱ्या उतरत होती, बघोत.

मग ती म्हणाली, "तुका एकट्याक रडवूक नाय मी. माझ्या हातान एकच चेडू रडूक नाय, ता तू. आणि मी म्हणी, तुझां वाईट केलंय."

तिनं माझ्या हनुवटीला हात लावला. पाच वर्षांनी. मी सकाळी पातं लावलं नव्हतं, खुंट टोचत असणार. ती हात काढेना. माझ्या घशात शब्द अगदी वर आला होता. आई, मला माहीत होतं. मी शुभाला बघितलं होतं. तीन वर्षांपूर्वीच. मी तो गिळला. म्हटलं आज नको, आजच कुठं तिला बरं वाटतंय. उद्या सांगू.

उद्याचा परवा. तिच्याच पोटची ना मी.

काम सुटल्यावर आई फार टिकली नाही. सहाला जाग यायची, उठून बसायची, हात मांडीवर चोळत राहायची. कुणाच्या घरातून पोर रडल्याचा आवाज आला की उठून दार लावून घ्यायची. माझ्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, फरक पडत होता, रोजचं पातं आठवड्यावर आलं होतं. ती रोज माझी हनुवटी बघायची आणि म्हणायची, "बघ, डॉक्टरीण खरी निघाली." आम्ही बोलायला लागलो होतो. खूप बोलायचो. तेवढं एक सोडून सगळं. एकोणनव्वदच्या मार्चमध्ये, दुपारी चपात्यांची कणीक मळताना ती परातीवर वाकली ती वाकलीच. हात पिठातच होते.

चाळीतल्या बायका जमल्या. सवाष्ण गेली, हळदीकुंकू काढा, हिरवी साडी काढा. अंघोळ कोण घालणार म्हणून विचारलं. मी म्हटलं मी घालते. मोरी लहान, म्हणून खोलीच्या मध्येच पाट मांडला. चाळीतली थोरली बाई म्हणाली, आधी तेल-हळद लाव. मी लावली. बोटांच्या फटीत कणीक सुकून बसली होती, ती कोमट पाण्यानं भिजवून सोडवली, घासली नाही. तिच्या हातांना लव नव्हती. आयुष्यभर कढत पाण्यात राहून ते दोन्ही हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाले होते. मला हे कधी दिसलंच नव्हतं.

मी वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "आई, मला माहीत होतं. पंच्याऐंशीपासून माहीत होतं. तुझी चूक नव्हती आणि मला ते माहीत होतं." दोनदा म्हटलं. नीट, सावकाश. बायकांना वाटलं पोर रडतेय. मी रडत नव्हते, सांगत होते. पण ऐकणारी गेली होती ना. मग माझा धीर सुटला आणि मी तिच्या नडग्यांवर डोकं ठेवून पालथी पडले.

थोरल्या बाईनं मला खांद्याला धरून उठवलं आणि हातात तांब्या दिला. "पाणी निवता, आटप गो," म्हणाली.